सुनंदाबाईंचे दात

पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत सकाळी नऊच्या सुमारास ठसका लागला, की नव्याने राहायला आलेल्याला वाटायचं, कुणीतरी मिरच्या भाजतंय. जुन्यांना ठाऊक असायचं. सुनंदाबाईंनी मागच्या पडवीत शेगडी पेटवली आहे आणि पत्र्यावर तंबाखू टाकली आहे. पदर नाकाला लावून त्या ती उलथण्यानं परतत बसायच्या. पानं काळीभोर झाली, की थंड करून खलबत्त्यात कुटायच्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायच्या. अशी मिसरी गल्लीत दुसऱ्या कुणाला जमत नसे. आठ-दहा घरच्या बायका आपापली डबी घेऊन यायच्या. त्या बदल्यात कुणी मेथीची जुडी ठेवून जाई, कुणी वांगी. एकीकडे बोटानं दात घासत, एकीकडे सुना-नणंदांच्या गोष्टी करत सगळ्या पडवीत टेकायच्या. सुनंदाबाईंच्या दिवसातला हा सगळ्यात चांगला तास.

त्या मूळच्या अमळनेर तालुक्यातल्या मारवडच्या. नवरा गिरधर एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, म्हणून जळगावात आल्या आणि इथल्याच झाल्या. गिरधर निवृत्त होऊन दोन वर्षांत हृदयविकारानं गेला. एकुलती मुलगी मोहिनी दोन गल्ल्या पलीकडेच दिलेली. जावई हितेंद्र रिक्षा चालवायचा, मोहिनी घरातच साड्यांना फॉल-पिको करायची. सदुसष्टाव्या वर्षी सुनंदाबाईंचा एकही दात हललेला नव्हता. ऊस सोलून खायच्या, सुपारी दाताखाली फोडायच्या. कुणी कौतुक केलं, की म्हणायच्या, "मिसरीचे दात आहेत हे."

त्यांना एकच बहीण, मंजुळा. सहा वर्षांनी धाकटी. मंजुळा अकरा वर्षांची असताना एकदा दाढ धरून रडत बसली होती. सुनंदाचं लग्न ठरलेलं, आईच्या मागे घर तिच्याच हातात.

"काय व्हयनं वं?"

"दाढ दुखी राह्यनी, आक्का."

सुनंदानं आईची डबी उघडली आणि चिमूटभर मिसरी स्वतःच्या बोटानं तिच्या हिरडीवर चोळली. "थुकी टाक बठ्ठं," म्हणत तिनं सगळं थुंकायला लावलं. मंजुळाला गरगरलं, ओकारी आली, पण दाढेचं दुखणं थांबलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मागितली. तिसऱ्या दिवशी मागायची गरज राहिली नाही.

मंजुळाला धुळ्याजवळ सोनगीरला दिली. तिथे सासूला मिसरीचा वास चालत नसे, घरात भाजणं शक्यच नव्हतं. मग सुनंदाबाई जळगावहून डबा भरून पाठवायच्या. धुळ्याकडे जाणारं कुणी भेटलं, की त्याच्या पिशवीत तो डबा असायचाच. चाळीसएक वर्षं हे चाललं.

मंजुळाच्या गालाला आतून फोड झाला तेव्हा तिनं महिनाभर कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं. तिसऱ्या महिन्यात तोंड उघडेना, तेव्हा तिचा मुलगा नवल तिला धुळ्याला घेऊन गेला. तपासणीला तुकडा काढला आणि आठवड्यानं कळलं, की कॅन्सर आहे आणि मानेतल्या गाठींपर्यंत गेला आहे. सुनंदाबाई एक पातळ पिशवीत घालून गेल्या ते तीन महिने सोनगीरलाच राहिल्या.

धुळ्याच्या इस्पितळात, किरणांचा शेक देणाऱ्या विभागात बसल्या असताना एक तरुण त्यांच्याजवळ आला. गळ्यात ओळखपत्र, हातात बर्फाचा डबा. नाव भूपेंद्र. पुण्याच्या एका संस्थेसाठी तो रक्ताचे नमुने गोळा करायचा. दोन सख्खी भावंडं, दोघांनाही तंबाखूची सवय, पण एकाला तोंडाचा कॅन्सर आणि दुसऱ्याला काही नाही, अशा जोड्या ते शोधत होते.

"म्हणजे तुम्ही दोघी, अक्का," तो म्हणाला. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात ना, त्या जन्मतःच माणसामाणसात वेगळ्या असतात. त्याचा काही संबंध आहे का, ते बघायचंय."

सुनंदाबाईंनी कागदावर सही केली आणि हात पुढे केला. शेजारच्या खाटेवर मंजुळानंही केला. तिला आता नीट बोलता येत नव्हतं. भूपेंद्र गेल्यावर ती बहिणीच्या तोंडाकडे किती तरी वेळ बघत राहिली. मग जीभ अडखळत म्हणाली, "आक्का, तुन्हं चांगलं शे. हाई बरं शे."

सुनंदाबाईंना तिथे बसवेना. त्या बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुवत राहिल्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत मंजुळा गेली. शेवटच्या पंधरवड्यात गालाला बाहेरून भोक पडलं होतं, पाजलेलं पाणी त्यातून गळायचं. सुनंदाबाई फडकं लावून धरायच्या. डबे पाठवणारा हात आता फडकं धरून बसलाय, हे त्यांच्या डोक्यातून जात नसे. बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन त्या म्हणायच्या, "मीच दिन्हं ना तुले." मंजुळा डोळे मिटून घ्यायची. तिला ऐकू येत होतं की नाही, ते कधी कळलं नाही.

मावशीच्या दहाव्याहून परत आली त्याच संध्याकाळी मोहिनीनं आपली डबी गटारात रिकामी केली. तीही लावायचीच. पहिल्या बाळंतपणात कुणीतरी शिकवलं होतं, पोट साफ राहतं म्हणून, आणि मिसरी आईच्या घरून आयती यायची. आता सोडली. चार दिवस डोकं धरून निजली, पोरीवर विनाकारण ओरडली, मशीनवर बसली की टीप वाकडी जायची. पण टिकली. एक महिना, दोन महिने, चार महिने.

सुनंदाबाईंनी मात्र सोडली नव्हती. भाजणं बंद केलं होतं, तरी जुन्या डब्यातली चिमूट सकाळी बोटावर यायचीच. लावताना रडायच्या, रडता रडता लावायच्या.

त्याच सुमारास भूपेंद्र पिंप्राळ्यात आला. तो मुक्ताईनगरचा, जळगावला दुसऱ्या एका पेशंटकडे आला होता. कागदावरची एक सही राहिली होती, ती घ्यायला वाट वाकडी करून आला. सुनंदाबाईंनी त्याला चहा दिला आणि मंजुळाचं नाव निघताच ओट्याला टेकून हुंदके द्यायला लागल्या.

"मी मारलं तिला, भाऊ. माझ्या हातानं मारलं."

भूपेंद्रची आई वर्षापूर्वीच गेलेली. म्हातारीला असं रडताना बघून त्याला राहवलं नाही. "अक्का, असं नका म्हणू," तो म्हणाला. "मिसरी तर तुम्ही दोघींनीही लावली. तुमच्या रक्तातल्या पेशी पहाऱ्यावर जाग्या आहेत, त्यांनी तुम्हाला वाचवलं. तिच्या नव्हत्या तशा. देवानं जे दिलं त्यात तुमचा काय दोष? तुमच्या रक्तात कवच आहे, अक्का."

पुण्याहून तेव्हा कसलाच निकाल आलेला नव्हता, आणि आला असता तरी तो असा एका माणसाचा नसता. हे त्याला ठाऊक होतं. पण त्या दुपारी ते बोलून तो गेला, आणि सुनंदाबाई कित्येक महिन्यांनी पोटभर जेवल्या.

पहिल्यांदा त्यांनी हे स्वतःशीच घोळवलं. मग शेजारच्या केसरबाईंना सांगितलं, मन हलकं करायला म्हणून. मग आणखी दोघींना. सांगता सांगता रडणं कमी झालं आणि सांगण्याला जरा ताठा आला. "पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कवच निघालं." पत्रा पुन्हा शेगडीवर चढला. बायका पुन्हा डब्या घेऊन आल्या. एकदा मोहिनी दारात उभी राहून नाकाला पदर लावून म्हणाली, "आई, मावशीचं बघूनसुद्धा?"

"अगं, मंजुळाचं रक्तच तसं होतं," सुनंदाबाई म्हणाल्या. "आपल्यात ते नाही. तू माझ्या पोटची आहेस. माझ्यातलंच तुझ्यात येणार ना?"

मोहिनी तशीच घरी निघून गेली. पण पोट साफ होत नव्हतं, अजूनही डोकं दुखायचं, आणि आईचे दात समोर दिसत होते. आठवड्याभरात ती पडवीत येऊन बसायला लागली. आईनंच तिच्यासाठी नवी डबी काढून ठेवली होती.

ती डबी आईनंच हातात दिली, ही गोष्ट सुनंदाबाईंनी पुढे कुणालाही सांगितली नाही. मोहिनीनंही नाही. दोघींनाच ती ठाऊक होती.

दीड वर्षानं, हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी, सुनंदाबाई लेकीकडे गेल्या तर मोहिनी भाकरी दुधात कुस्करून खात होती. शेजारी ताटात तिखट शेवभाजी तशीच. जिला ठेच्याशिवाय घास उतरत नसे ती.

"काय गं?"

"दात दुखतोय."

"कधीपासून?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस."

सुनंदाबाईंनी तिला हात धरून दारात उजेडाला आणलं. "तोंड उघड." मोहिनीनं उघडलं, पण पूर्वीसारखं मोठं नाही. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, पांढरट कातडी चढली होती आणि मध्ये लालभडक कडक उंचवटा होता. मंजुळाचाही असाच सुरू झाला होता. सुनंदाबाईंनी लेकीची हनुवटी सोडली आणि उंबऱ्यावर बसल्या. आतून सुलक्षणा, मोहिनीची मुलगी, विचारत होती, "काय झालं, आजी?"

यावेळी कुणी महिने घालवले नाहीत. चौथ्या दिवशी तुकडा काढला, आणि पुढच्या पंधरवड्यात हितेंद्र तिला नाशिकला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, पण हाडाला लागलंय. डावीकडचा अर्धा जबडा काढावा लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तीच पुण्याची मंडळी वॉर्डात आली. या खेपेला एक डॉक्टरीणबाई होती. चाळिशीच्या आतली, डॉक्टर ज्योती. भूपेंद्र तिच्या मागे होता. खाटेवर कोण आहे ते ओळखल्यावर त्याची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. एकाच घरातलं तिसरं माणूस म्हणून त्यांना मोहिनीचंही रक्त हवं होतं. मोहिनीनं दिलं. सुनंदाबाई डॉक्टरीणबाईच्या मागोमाग व्हरांड्यात गेल्या.

"बाई, माझ्या रक्तात कवच आहे म्हणाले होते. मग ही कशी?"

ज्योतीबाईंनी आधी भूपेंद्रकडे पाहिलं. मग सुनंदाबाईंना बाकावर बसवून त्या शेजारी बसल्या.

"कवच असं काही नसतं, आजी. तुम्ही डाळ निवडता ना? काही बायकांची नजर तीक्ष्ण असते, बारीक खडाही सुटत नाही. काहींची जरा मंद. शरीरातही रोज काही पेशी बिघडतात, आणि रक्तातल्या पेशी त्या हुडकून काढतात. ही नजर जन्मतः कमी-जास्त असू शकते. त्यानं कॅन्सरचा धोकाही थोडा कमी-जास्त होत असावा, असं आम्हाला वाटतं. वाटतं, एवढंच. शेकडो माणसांचं एकत्र पाहून काही अंदाज येतो. तुमच्या एकटीचा असा निकाल आम्ही काढलेलाच नाही."

"मग मला काही झालं नाही ते?"

"नजर चांगली असेल. किंवा नशीब असेल. मला नाही सांगता येणार. पण रोज मूठमूठ खडे टाकत गेलं डाळीत, तर कितीही तीक्ष्ण नजर असली तरी एखादा सुटतोच."

"अन् मोहिनी माझ्या पोटची..."

"तिच्यात तुमचं अर्धंच आलंय, आजी. अर्धं तिच्या वडिलांचं. आणि तुमच्यातलं कोणतं अर्धं आलं, ते कुणाच्या हातात नसतं. म्हणून तर सख्ख्या बहिणीही सारख्या नसतात."

सुनंदाबाईंनी एकदम पदर सावरून दंडावरची बाही वर सरकवली. माहेरची भाषाच तोंडून आली.

"मन्हं रगत काढा. बठ्ठं काढा, अन् तिले चढावा. मन्हं आते काय काम शे?"

"असं नाही होत, आजी," ज्योतीबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी ती बाही खाली ओढून दिली.

भूपेंद्र जिन्यापाशी उभा होता. सुनंदाबाई जवळून जाताना तो म्हणाला, "अक्का, तुम्ही रडत होता म्हणून मी बोललो."

त्या थांबल्या. "तू एकदाच बोललास, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी गल्लीभर सांगितलं."

ऑपरेशन नऊ तास चाललं. छातीवरचं मांस काढून गालाला लावलं. नंतर सहा आठवडे शेक. नाकातल्या नळीनं दूध, डाळीचं पाणी. मोहिनी जगली. दिवाळी उलटून गेल्यावर घरी आली तेव्हा तिचा चेहरा डावीकडे आत गेलेला होता, ओठ एका बाजूला ओढलेला, आणि लाळ आवरत नसल्यानं हातात कायम रुमाल. तोंड एका बोटाइतकं उघडायचं. बोललेलं घरच्यांनाच कळायचं. फॉल-पिकोची गिऱ्हाइकं साडी घेऊन आली, की सुलक्षणा दारात जायची, मोहिनी आतल्या खोलीत मशीनवर बसलेली असायची.

सुनंदाबाई लेकीकडेच राहायला आल्या. येण्याआधी त्यांनी पत्रा भंगारवाल्याला दिला. मग गल्लीत दारोदार गेल्या. डबी घेऊन येणाऱ्या प्रत्येकीच्या घरी.

"ते कवच-बिवच खोटं होतं. मी चुकीचं सांगितलं. सोडा ही मिसरी. माझ्या मोहिनीचं बघा."

बायकांनी हळहळ केली. पाणी दिलं, चहा दिला. केसरबाईंनी हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मोहिनीचं वाईट झालं, अक्का. पण तुम्ही पंचावन्न वर्षं लावली. तुम्हाला काय झालं?"

दुसऱ्या घरी हेच ऐकावं लागलं. तिसऱ्या घरी कुणी तोंडानं बोललं नाही, पण त्या बोलत असताना घरातली सून एकटक त्यांच्या दातांकडे बघत होती. सुनंदाबाईंनी तोंडावर पदर घेतला. कधी नव्हे ते त्यांना वाटलं, दोन-चार तरी पडायला हवे होते. पुढच्या आठवड्यात सकाळी नऊ वाजता त्यांच्या जुन्या गल्लीकडून ठसका लावणारा धूर आला. केसरबाईंनी स्वतःच भाजायला सुरुवात केली होती.

आणि खुद्द सुनंदाबाईंचं काय? सोडणं त्यांना वाटलं तितकं सोपं गेलं नाही. लेकीला तसं बघूनसुद्धा सकाळ झाली की बोट आपोआप हिरडीकडे जायचं. बारा दिवस त्यांनी कडक पाळले. तेराव्या दिवशी भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि केसरबाईंच्या मोरीत उभ्या राहून चिमूटभर लावली. चारदा तोंड धुतलं, वर बडीशेप चावली, आणि घरी येऊन मोहिनीला खिचडी भरवायला बसल्या. खिचडी गाळणीतून काढलेली, लहान चमच्यानं ओठांच्या फटीतून आत सोडायची.

मोहिनीनं दुसरा चमचा घेतला नाही. आईच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि मागे सरकली. रुमालानं लाळ पुसून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "लाव, आई. तुला काय होणार आहे?"

रागानं म्हणाली असती तर सुनंदाबाईंना सोसलं असतं. ती साध्या आवाजात म्हणाली, कुणी वस्तुस्थिती सांगावी तसं. मग तिनं स्वतःच चमचा हातात घेतला आणि भिंतीकडे वळून खायला लागली. सुनंदाबाई ताट धरून तशाच बसल्या. त्या दिवसानंतर त्यांनी मिसरी लावली नाही. मात्र त्याचं कुणाला काही सांगावं, असंही त्यांना वाटलं नाही.

आता या गोष्टीला दोन वर्षं होत आली. दर तीन महिन्यांनी नाशिकला तपासणी असते. एकदा मानेत गाठ निघाली, ती काढली, पुन्हा शेक घेतला. मागच्या दोन खेपा ठीक गेल्या आहेत. पाच वर्षं निभावली की धोका टळला, असं डॉक्टर म्हणतात, घरात कुणी तो आकडा उच्चारत नाही.

सुलक्षणा बारावीला आहे, सायन्सला. परवा नाशिकहून परतताना एसटीत ती आजीशेजारी बसली होती. पुढच्या सीटवर मोहिनी खिडकीला डोकं टेकून झोपलेली. रुमाल हातातून सुटला होता.

"आजी," सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली, "मी तंबाखूला कधी हात लावणार नाही, ते सोड. पण माझ्यात कोणाचं आलं असेल? तुझं का आईचं?"

सुनंदाबाईंनी नातीकडे पाहिलं. उत्तर ओठांवर यायला तयारच होतं. म्हाताऱ्या माणसानं पोरीला जे सांगावं तेच, गोड आणि खात्रीचं. त्यांनी ते गिळलं.

"माहीत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा माहीत नाही."

सुलक्षणानं मान हलवली आणि पुस्तक उघडलं. धुळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सुनंदाबाई उठल्या, खाली पडलेला रुमाल उचलला, आणि पिशवीतून दुसरा धुतलेला काढून मोहिनीच्या हनुवटीखाली ठेवला.